स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेला इन-मेमरी कॅश सर्व्हर: निवडताना काय बघायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. आमचं ॲप्लिकेशन पायथनमध्ये आहे आणि एकाच मशीनवर त्याच्या बऱ्याच वर्कर प्रोसेस चालतात. आत्तापर्यंत फंक्शनवर एलआरयू कॅशचा (वारंवार लागणारी माहिती मेमरीत तात्पुरती ठेवायची आणि जागा भरली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेली आधी काढायची) डेकोरेटर लावून भागत होतं. पण प्रत्येक प्रोसेसची कॅश वेगळी. एका वर्करने माहिती बदलली तरी बाकीचे जुनीच दाखवत बसतात. पान रिफ्रेश केलं की कधी नवा आकडा येतो, कधी जुना. शिवाय त्या डेकोरेटरला मुदत (ठरावीक वेळाने नोंद आपोआप बाद होणं) हा प्रकारच नाही.

म्हणून सगळ्यांना मिळून एक कॅश सर्व्हर हवा आहे. अडचण अशी की त्या मशीनवर बाहेरून कंपाइल होऊन आलेली कुठलीही बायनरी टाकायला परवानगी नाही, आणि ती मिळण्याची चिन्हंही नाहीत. पायथनचा इंटरप्रिटर आणि निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजेस चालतात. शोधलं तर पायथनमध्ये लिहिलेले छोटे की-व्हॅल्यू सर्व्हर (की म्हणजे नाव दिलं की त्या नावाने साठवलेली व्हॅल्यू देणारे) बरेच सापडतात, पण बहुतेकांच्या माहितीत 'हलका' आणि 'वेगवान' यापलीकडे काही नाही.

व्हॅल्यू एक ते चार केबीच्या, सेकंदाला काहीशे विनंत्या. कॅश पूर्ण पुसली गेली तरी डेटाबेसमधून सगळं परत उभं करता येतं. निवडताना नेमकं काय तपासावं?

खटका

रेडिस नाहीतर व्हॅल्की (सीमध्ये लिहिलेले तयार इन-मेमरी सर्व्हर) बसवा आणि मोकळे व्हा. बायनरीची परवानगी मिळवण्यात जेवढा वेळ जाईल त्याच्या दुप्पट वेळ हे शोधण्यात जाईल.

निळीशाई

@खटका, परवानगी माझ्या हातात असती तर धागाच काढला नसता. बायनरी चालणार नाही हे गृहीत धरून सांगा.

जुना_पर्लवाला

स्क्रिप्टिंग भाषेतला सर्व्हर म्हटलं की लोक लगेच नाकं मुरडतात, म्हणून थोडा इतिहास. मेमकॅश्ड हा प्रसिद्ध कॅश सर्व्हर २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटसाठी लिहिला तो पर्लमध्ये. नंतर अनातोली व्होरोबे यांनी तो सीमध्ये उतरवला. रेडिसचंही तेच. साल्वातोरे सानफिलिप्पो यांना त्यांच्या लॉगविश्लेषणाच्या सेवेसाठी नेहमीचा डेटाबेस पुरेना, तेव्हा त्यांनी पहिला नमुना टीसीएलमध्ये लिहिला, आणि कल्पना चालते हे दिसल्यावर सीमध्ये. २००९ मध्ये तो लोकांसमोर आला.

दोन्ही ठिकाणी कल्पना स्क्रिप्टमध्येच सिद्ध झाली होती. आणि दोन्ही ठिकाणी भाषा पुढे बदलावी लागली, हेही तितकंच खरं. त्यामुळे माझं मत असं: आज पायथनमधला सर्व्हर खुशाल घ्या, पण असा घ्या की उद्या तो काढून सीमधला बसवताना तुमच्या ॲप्लिकेशनची एकही ओळ बदलावी लागणार नाही. म्हणजे तो मेमकॅश्डचा किंवा रेडिसचा प्रोटोकॉल (विनंत्या आणि उत्तरांची ठरलेली भाषा) बोलणारा हवा. स्वतःचा प्रोटोकॉल आणि स्वतःचंच क्लायंट पॅकेज घेऊन येणारा सर्व्हर कितीही देखणा असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. असे प्रकल्प एका माणसाच्या उत्साहावर चालतात. तो उत्साह संपला की तुमचं ॲप्लिकेशन त्याच्याशी बांधलेलं राहतं.

क्लायंटची काळजी नको. पायमेमकॅश आणि रेडिस-पाय दोन्ही निव्वळ पायथनमध्ये आहेत, तुमच्या अटीत बसतील.

दोरखंड

जुना_पर्लवाला यांच्याशी पूर्ण सहमत. पण 'प्रोटोकॉल बोलतो' असं लिहिलेलं असणं वेगळं आणि खरंच बोलता येणं वेगळं. असे बरेचसे सर्व्हर इथेच आपटतात.

मेमकॅश्डच्या जुन्या मजकुरी प्रोटोकॉलमध्ये सेटची (व्हॅल्यू साठवण्याच्या आज्ञेची) पहिली ओळ अशी असते: आज्ञा, कीचं नाव, फ्लॅग, मुदत आणि शेवटी व्हॅल्यू किती बाइटची आहे तो आकडा. पुढच्या ओळीवर व्हॅल्यू. सर्व्हरने तो आकडा वाचून मोजून तेवढे बाइट उचलायचे असतात. घाईत लिहिलेला सर्व्हर काय करतो? सरळ 'पुढची ओळ वाच' म्हणतो. तुमची व्हॅल्यू एका ओळीची जेसन असेपर्यंत सगळं सुरळीत. ज्या दिवशी व्हॅल्यूच्या पोटात नवीन ओळीचं चिन्ह येतं त्या दिवशी अर्धी व्हॅल्यू साठते आणि उरलेली अर्धी पुढची आज्ञा म्हणून वाचली जाते. तिथून पुढे त्या कनेक्शनवरची सगळी उत्तरं एकाने सरकलेली. एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर दिसू लागते. कॅशमधली सगळ्यात वाईट चूक ती हीच.

याचं जुळं भावंड म्हणजे सॉकेटमधून (नेटवर्कच्या जोडणीतून) एकदा वाचलं की एक पूर्ण आज्ञा हाती आली असं धरून चालणं. टीसीपी हा बाइटचा प्रवाह आहे, त्यात आज्ञेच्या सीमा नसतात. एका वाचनात अर्धी आज्ञा येऊ शकते किंवा अडीच येऊ शकतात. स्वतःच्या मशीनवर छोट्या व्हॅल्यू घेऊन तपासलं तर हे कधीच दिसत नाही.

दोन्ही गोष्टी पकडायला दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट पुरते. सॉकेट उघडा आणि सेटची आज्ञा एकेक बाइट करून, मध्ये जरा थांबत पाठवा. व्हॅल्यूत मुद्दाम नवीन ओळ टाका आणि जाता जाता 'डिलीट' असा शब्दही. मग एकाच फटक्यात पाच आज्ञा एकत्र ढकला. उत्तरं पाच आणि क्रमाने आली तरच पुढचं बोलू. माझ्याकडे जो सर्व्हर यात नापास होतो त्याची बाकीची वैशिष्ट्यं मी वाचत नाही.

अल्पविराम

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतो आहे.

वजनकाटा

मी मेमरीबद्दल बोलतो, कारण इन-मेमरी सर्व्हरचा जीव तिथेच असतो.

सीपायथनमध्ये (पायथनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये), ६४ बिट मशीनवर, बाइट्स ऑब्जेक्टला डेटा सोडून ३३ बाइट लागतात. समजा कीचं नाव वीस बाइटचं आणि व्हॅल्यूही वीस बाइटची. दोन्ही मिळून १०६. मुदतीसाठी एक फ्लोट (दशांश संख्या), त्याचे २४. व्हॅल्यू आणि मुदत एकत्र बांधणारा टपल, त्याचे ५६ (आवृत्तीनुसार थोडं इकडेतिकडे). झाले १८६ बाइट, आणि डिक्शनरीतली जागा अजून धरलेलीच नाही. खरा डेटा फक्त ४० बाइट. निळीशाई, तुमच्या व्हॅल्यू एक ते चार केबीच्या आहेत, त्यामुळे हा बोजा तुम्हाला जाणवणार नाही. पण उद्या याच सर्व्हरमध्ये कुणी लाखो छोटे काउंटर भरले तर मेमरी कुठे गेली ते शोधत बसावं लागेल.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मर्यादा कशात देता येते ते बघा. 'जास्तीत जास्त इतक्या नोंदी' एवढंच असेल तर ती मर्यादा कामाची नाही. दहा हजार नोंदी म्हणजे दहा एमबी की चाळीस एमबी, हे व्हॅल्यूच्या आकारावर ठरणार. मर्यादा बाइटमध्ये हवी आणि ती मोजताना वर सांगितलेला बोजाही धरलेला हवा. मेमकॅश्ड सुरू करताना काहीच सांगितलं नाही तर तो ६४ एमबी धरतो आणि एका व्हॅल्यूला १ एमबीपेक्षा मोठं होऊ देत नाही. एका व्हॅल्यूवरची ही दुसरी मर्यादा छोट्या सर्व्हरमध्ये हमखास विसरलेली असते. मग कुणीतरी चुकून अख्खा अहवाल कॅशमध्ये टाकतो आणि त्याच्यासाठी हजारो कामाच्या नोंदी बाहेर फेकल्या जातात.

आणखी एक. नोंदी पुसल्या म्हणून प्रोसेसची मेमरी लगेच खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सीपायथन ५१२ बाइटपर्यंतची ऑब्जेक्ट्स स्वतःच्या अरीनांमध्ये (मेमरीच्या मोठ्या गठ्ठ्यांमध्ये) ठेवतो आणि अरीना पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही. त्याहून मोठी ऑब्जेक्ट्स सिस्टिमच्या मॅलॉककडे (मेमरी वाटणाऱ्या फंक्शनकडे) जातात, तिथेही तुकडे पडतातच. म्हणून मशीनच्या मेमरीला टेकेल इतकी मर्यादा लावू नका, भरपूर मोकळी जागा सोडा.

नोड_नंदन

नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) कुणी विचारच करत नाहीये? जावास्क्रिप्टचा मॅप भरल्याचा क्रम आपोआप लक्षात ठेवतो. वाचलेली की पुसून परत टाकली की ती शेवटी जाते, सगळ्यात जुनी कायम सुरुवातीला. एलआरयू चार ओळींत तयार.

वजनकाटा

@नोड_नंदन, मुद्दा बरोबर आहे. पायथनमध्ये ऑर्डर्ड डिक्टमध्ये शेवटी सरकवण्याची सोय आहे, तेही तितकंच सोपं पडतं. मात्र नोडच्या व्ही८ इंजिनात एका मॅपमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख नोंदी मावतात, त्यापुढे तो सरळ एरर देतो. आणि व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणून ठेवल्या तर त्या व्ही८च्या हीपमध्ये (इंजिन स्वतः सांभाळतं त्या मेमरीत) जातात. हीपला स्वतःची वेगळी मर्यादा असते आणि ती वाढवली तर गार्बेज कलेक्शनला (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) चाळायला जास्त माल मिळतो. व्हॅल्यू बफरमध्ये ठेवल्या तर त्यांचा डेटा हीपबाहेर राहतो. नोडमधला सर्व्हर घेणाऱ्याने हे पहिलं बघावं.

निळीशाई

नोड त्या मशीनवर नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो पर्याय बाद. पण चर्चा चालू द्या, इतरांना उपयोगी पडेल.

दोरखंड यांची स्क्रिप्ट लिहिली आणि निवडलेल्या तीन सर्व्हरवर चालवली. एक एकेक बाइटच्या चाचणीत गळाला. दुसरा नवीन ओळीच्या. तिसरा टिकला, पण त्याला गेटचं (व्हॅल्यू वाचण्याच्या आज्ञेचं) उत्तर द्यायला अधूनमधून चाळीस मिलिसेकंद लागतात. बाकी वेळी एकसुद्धा लागत नाही. असं का होत असावं?

तारायंत्र

चाळीस हा आकडा ओळखीचा आहे. सर्व्हर पायथनच्या सॉकेटसर्व्हर मॉड्यूलवर लिहिलेला आहे का बघा, आणि गेटचं उत्तर किती तुकड्यांत लिहिलं जातं तेही.

तिथल्या स्ट्रीम हँडलरला लिहिण्यासाठी बफर नसतो. शीर्षकाची ओळ, व्हॅल्यू आणि 'एंड' अशा तीन वेळा राइट केलं तर तिन्ही वेगवेगळे सॉकेटवर जातात. नेगल अल्गोरिदम पहिला तुकडा पाठवतो आणि त्याची पोच येईपर्यंत पुढचे छोटे तुकडे धरून ठेवतो. पलीकडचा लिनक्स पोच पाठवायला मुद्दाम थोडा वेळ घेतो, कारण उत्तराबरोबरच ती पाठवता आली तर एक पॅकेट वाचतं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि ती वाट साधारण चाळीस मिलिसेकंदांची असते. व्हॅल्यूच्या आकारानुसार कधी होतं, कधी नाही.

उपाय दोन आहेत. उत्तर एकत्र जोडून एकदाच लिहायचं, किंवा हँडलर क्लासमध्ये नेगल बंद करण्याचं जे ॲट्रिब्यूट आहे ते चालू करायचं. मी दोन्ही करतो. असिंकआयओवर (पायथनच्या इव्हेंट लूपवाल्या मॉड्यूलवर) लिहिलेल्या सर्व्हरला हा त्रास सहसा होत नाही, पायथन ३.६ पासून तिथे नेगल बंदच असतो.

निळीशाई

सॉकेटसर्व्हरच होता. तीन राइटचं एक केलं आणि चाळीसचे झटके गेले. मनापासून आभार!

सहावीखिडकी

सॉकेटसर्व्हरचा विषय निघालाच आहे तर थ्रेडबद्दल (एकाच प्रोसेसमधल्या समांतर कामांबद्दल): तो प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड देत असेल, तरी जीआयएल या पायथनमधल्या कुलुपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवतो. त्यामुळे थ्रेड वाढवून वेग मिळत नाही, लॉक सांभाळायची जबाबदारी मात्र येते. पायथन ३.१३ मध्ये जीआयएल नसलेली आवृत्ती आली, पण प्रायोगिक म्हणून. कॅश सर्व्हरसाठी मी आजही एका थ्रेडचा इव्हेंट लूपच (एकच थ्रेड आळीपाळीने सगळी कनेक्शनं सांभाळतो तो) निवडेन. रेडिस आज्ञा एकाच थ्रेडमध्ये चालवतो, ते काही उगाच नाही. प्रत्येक आज्ञा छोटी असेल तर ते पुरतं.

'छोटी' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. सर्व्हरमध्ये 'सगळ्या कीज दाखव' किंवा 'या पॅटर्नच्या सगळ्या पुसून टाक' असली आज्ञा असेल तर ती चालू असताना बाकी सगळे ताटकळतात. तसंच व्हॅल्यू उघडून बघणारा सर्व्हर नको. काही सर्व्हर जेसन स्वतः वाचून त्याचे ऑब्जेक्ट बनवतात आणि मागितलं की परत जेसन करतात. त्यात सीपीयू जातो, मेमरी जाते आणि गार्बेज कलेक्टरला सांभाळायला डिक्शनऱ्या आणि लिस्टचा डोंगर मिळतो. बाइट घ्यावेत, बाइट ठेवावेत, बाइट परत द्यावेत.

घटिकायंत्र

मुदतीबद्दल अजून कुणी बोललं नाही.

सोर्समध्ये वेळ कुठून घेतली आहे ते शोधा. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ घेतली असेल आणि मशीनचं घड्याळ कुणी मागे केलं, तर नोंदी मरायच्याच थांबतात. पुढे केलं तर सगळ्या एका क्षणात मरतात आणि डेटाबेसवर लोंढा येतो. पायथनमध्ये मोनोटॉनिक घड्याळ आहे, ते मागे जात नाही. मुदतीसाठी तेच हवं.

दुसरं, मुदत संपलेल्या नोंदी जातात कधी? फक्त वाचताना तपासून पुसत असेल तर ज्यांना परत कुणी हात लावत नाही त्या तशाच पडून राहतात. दर मिनिटाला सगळी डिक्शनरी चाळत असेल तर तेवढा वेळ सर्व्हर मुका. रेडिसने मधला मार्ग काढला: वाचताना तपासायचं, आणि शिवाय थोड्या थोड्या वेळाने यादृच्छिक मूठभर कीज उचलून मेलेल्या काढायच्या. पन्नास ओळींत बसणारी गोष्ट आहे. ज्याने ती लिहिली आहे त्याने बाकीचाही विचार केला असण्याची शक्यता जास्त.

मेमकॅश्डच्या प्रोटोकॉलमध्ये एक खाचही आहे. मुदतीचा आकडा ३० दिवसांच्या सेकंदांपेक्षा, म्हणजे २५,९२,००० पेक्षा मोठा असेल तर तो 'इतक्या सेकंदांनी' असा न धरता युनिक्स काळातला ठरावीक क्षण म्हणून धरला जातो. नक्कल करणाऱ्या सर्व्हरने हे पाळलं नसेल तर पुढे खरा मेमकॅश्ड बसवाल तेव्हा वागणूक बदलेल, आणि कारण लवकर सापडणार नाही.

कागदपेन्सिल

वेगळा मुद्दा मांडते. सर्व्हर हवाच आहे का? एकच मशीन, पायथन, बायनरी चालत नाही. डिस्ककॅश नावाचं निव्वळ पायथनमधलं पॅकेज आहे, ते एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) वापरतं आणि एसक्यूलाइट बहुतेक पायथनबरोबर येतंच. मुदत आहे, आकाराची मर्यादा आहे, सगळ्या प्रोसेसना सामाईक आहे. वेगळी प्रोसेस जिवंत ठेवायची कटकट नाही. फाइल टेम्पएफएसवर ठेवली तर ती मेमरीतच राहते. पीएचपीवाले एपीसीयू आणि ओपनरेस्टीवाले ल्युआची शेअर्ड डिक्शनरी वापरून हेच साधतात, सगळ्या वर्करना सामाईक मेमरी, मध्ये सॉकेट नाही.

सहावीखिडकी

@कागदपेन्सिल, हा पर्याय चांगला आहे. एकच सावधगिरी: एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं. वाचन जास्त आणि लेखन कमी असेल तर छानच. प्रत्येक विनंतीला काहीतरी लिहिलं जात असेल तर वर्कर लॉकपाशी रांग लावतील. आणि दुसरं मशीन आलं की हा मार्ग संपतो, एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) नेटवर्कवरच्या फाइलवर चालत नाही.

निळीशाई

दुसरं मशीन पुढे येणार आहे, म्हणून मी सर्व्हरकडेच झुकतो आहे. पण एकाच मशीनवर थांबणाऱ्यांनी कागदपेन्सिल यांचं ऐकावं असं मलाही वाटतं.

आणखी एक विचारतो. काही सर्व्हर 'स्नॅपशॉट' देतात, रीस्टार्ट झाल्यावर कॅश परत भरून मिळते. ते घ्यावं का?

जुना_पर्लवाला

तुमचा डेटा डेटाबेसमधून परत उभा राहतो म्हणालात ना? मग नको. रेडिस स्नॅपशॉटसाठी प्रोसेस फोर्क करतो, म्हणजे तिची जोडप्रत काढतो. लिनक्स दोन्ही प्रोसेसना तीच मेमरी पानं देतो आणि कुणी बदल केला तरच पानाची प्रत काढतो. सीपायथनमध्ये ऑब्जेक्ट नुसतं वाचलं तरी त्याचा रेफरन्स काउंट (ते किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं जातं आणि प्रत निघते. स्नॅपशॉट काढणारी प्रोसेस सगळी ऑब्जेक्ट्स वाचणार, म्हणजे मेमरीचा वापर फुगणार, तोही नेमका कॅश भरलेली असताना.

आणि स्नॅपशॉटची फाइल कुठल्या स्वरूपात आहे ते बघा. पिकल (पायथनची ऑब्जेक्ट्स साठवण्याची पद्धत) असेल तर त्या फाइलवर ज्याला लिहिता येतं त्याला तुमच्या सर्व्हरमध्ये हवा तो कोड चालवता येतो.

कडीकुलूप

पिकलचा विषय निघाला ते बरं झालं. नेटवर्कवरून आलेले बाइट अनपिकल करणारा सर्व्हर कुठल्याही परिस्थितीत घेऊ नका. पायथनच्या मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलमधल्या मॅनेजरवर घरगुती कॅश बांधणारेही बरेच आहेत. तिथेही आत पिकलच आहे आणि मध्ये फक्त एक ऑथकी (पासवर्डसारखी खूण).

सर्व्हर डीफॉल्टने कुठल्या पत्त्यावर ऐकतो ते उघडून बघा. लोकलहोस्ट हवा. सगळ्या इंटरफेसवर ऐकत असेल तर पहिल्याच दिवशी बदला. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला, तो इंटरनेटवर उघड्या पडलेल्या मेमकॅश्ड सर्व्हरच्या यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्टचा वापर करून. छोटी खोटी विनंती पाठवायची, सर्व्हर अवाढव्य उत्तर भलत्याच पत्त्यावर धाडणार. त्यानंतर मेमकॅश्डने १.५.६ आवृत्तीत यूडीपी डीफॉल्टने बंद केलं. तुमच्या सर्व्हरमध्ये यूडीपी असेल तर तो कोड काढूनच टाका.

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद डोक्यात ठेवून ठरवलं ते सांगतो. सॉकेटसर्व्हरवाला सोडला. असिंकआयओवर लिहिलेला, मेमकॅश्डचा मजकुरी प्रोटोकॉल बोलणारा एक छोटा सर्व्हर घेतला आहे. अख्खा सोर्स एका बैठकीत वाचून होतो. दोरखंड यांच्या चाचण्यांत पास. मर्यादा बाइटमध्ये आहे. मोनोटॉनिक घड्याळ नव्हतं, ते बदललं. एका व्हॅल्यूवरची मर्यादा घातली. ॲप्लिकेशनमध्ये पायमेमकॅश आहे, त्यामुळे उद्या बायनरीची परवानगी मिळालीच तर फक्त पोर्ट बदलायचा.

उरला आहे तो लोंढ्याचा प्रश्न. एखादी लोकप्रिय नोंद मरते तेव्हा सगळे वर्कर एकदम डेटाबेसकडे धावतात.

घटिकायंत्र

मुदतीत थोडा यादृच्छिक फरक टाका, म्हणजे एकत्र भरलेल्या नोंदी एकत्र मरणार नाहीत. एकाच नोंदीच्या गर्दीसाठी प्रोटोकॉलमधली 'ॲड' आज्ञा वापरा. की आधीपासून नसेल तरच ती यशस्वी होते. त्या नोंदीच्या नावाची एक छोटी कुलूप-की काही सेकंदांच्या मुदतीने ॲड करायची. ज्याची ॲड यशस्वी तो डेटाबेसकडे जाईल, बाकीचे जरा थांबून परत गेट करतील. कुलूपवाला मध्येच मेला तर मुदत संपून कुलूप आपोआप सुटतं.

पण सर्व्हरमध्ये 'आहे का बघ' आणि 'टाक' यांच्या मध्ये कुठेही अवेट नको. असला तर लूप तिथे दुसऱ्या कनेक्शनकडे जाईल आणि दोघांनाही 'तुझी ॲड झाली' असं उत्तर मिळेल.

निळीशाई

बघितलं. ॲडच्या फंक्शनमध्ये एक अवेट होता, नोंद लॉगमध्ये लिहिण्यासाठी, आणि नेमका त्या दोन ओळींच्या मध्ये. तो खाली हलवला. शंभर कनेक्शनवरून एकच की एकाच वेळी ॲड करून बघितली, यश एकालाच मिळालं. बदल मूळ लेखकाकडेही पाठवला आहे.

दोरखंड

ती शंभर कनेक्शनची चाचणी इथे टाकता का? माझ्या स्क्रिप्टमध्ये जोडून घेतो.